डिट्टोच्या दोन रेघा

सुनंदा हॉल तिकीट माझ्यापुढे धरून उभी होती. तिकिटावर ‘मीडियम’ या शब्दापुढे ‘इंग्लिश’ असं टाइप केलेलं होतं.

“सर, मी तर मराठी लिहिलं होतं,” ती म्हणाली.

“नक्की?”

“हो सर.” मग जरा थांबून, “बहुतेक.”

तिचं ते ‘बहुतेक’ मी घट्ट धरून ठेवलं. म्हटलं, “फॉर्म इंग्रजीत होता. काहीतरी भलतंच लिहिलं असशील. बघतो मी ऑफिसात.” ती मान खाली घालून गेली. परीक्षा आठ दिवसांवर आली होती.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट आहे. नाशिकच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी फिजिक्स शिकवत होतो. दहावी-बारावीचा नवा पॅटर्न येऊन थोडीच वर्षं झाली होती. दोन बोर्डांच्या मधली अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष, असं पोरांनी ठरवून टाकलं होतं आणि पालकांनीही ते मान्य केलं होतं. पण दरवर्षी दहा-बारा पोरं अशी निघायची की त्यांना आराम मानवत नसे. त्यांना मी दिल्लीहून होणाऱ्या एका स्कॉलरशिप परीक्षेला बसवायचो. सकाळी कॉलेज, दुपारी प्रॅक्टिकल, संध्याकाळी माझी बॅच, आणि जर्नलं पुरी करायची ती वेगळीच. पोरं पार पिळून निघायची. मी मात्र खूश असायचो.

त्या वर्षी अकरा जण होते. नऊ जण गंगापूर रोड आणि आसपासचे, इंग्रजी माध्यमातले. दहावा मराठी शाळेतला, पण त्याने हट्टाने इंग्रजी पेपर मागितला होता. अकरावी सुनंदा, नामपूरची. दहावीपर्यंतचं सगळं सायन्स मराठीत शिकलेली. अकरावीत एकदम इंग्रजी सुरू होतं, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. पोराला ‘संवेग’ म्हणजे काय ते झोपेतून उठवून विचारा, सांगेल. ‘मोमेंटम’ म्हटलं की तोंडाकडे बघत राहतं. सुनंदा पहिले दोन महिने अशीच बघत राहिली. एकदा कंटाळून मी मराठीत प्रश्न टाकला, तर बाकीच्या दहा जणांनी पेनाचं टोपण काढायच्या आत तिचं उत्तर तयार. बॅचमध्ये सगळ्यात हुशार तीच होती. मी हे स्टाफरूममध्ये चारचौघांत बोललोही होतो.

या परीक्षेत पेपर आपल्या भाषेत मिळायचा. फॉर्मवर तसा रकाना होता. सुनंदाने मला आधी दोनदा विचारलं होतं, “सर, पेपर मराठीत येतो ना?” दोन्ही वेळा मी “येतो गं बाई” म्हटलं होतं.

ती मावशीकडे राहायची. काकांची बदली झाली होती, जूनमध्ये ते बिऱ्हाड नाशिकमधून उठणार होतं. वडील नामपूरला टेलर. त्यांनी पोरीला स्वच्छ सांगून ठेवलं होतं, स्कॉलरशिप लागली तर हॉस्टेलला राहा आणि बारावी कर, नाहीतर गावी परत ये. हे सगळं मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय असती तर बरं झालं असतं.

तर मी ऑफिसात गेलो. आमचे हेडक्लार्क, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणायचे, त्यांनी फाइल काढून दिली. पोरांचे फॉर्म परीक्षेच्या पुण्यातल्या कार्यालयात गेले होते, पण त्यांच्यासोबत जाणाऱ्या स्टेटमेंटची कॉपी आमच्याकडे होती. स्टेटमेंट म्हणजे सगळ्यांची एक मोठी यादी. नाव, जन्मतारीख, मीडियम असे रकाने. पुण्याची माणसं फॉर्म कशाला उघडतायत, ती स्टेटमेंटवरूनच हॉल तिकिटं काढायची.

मीडियमच्या रकान्यात पहिल्या नावापुढे ‘इंग्लिश’ लिहिलेलं होतं. त्याखाली दहा वेळा दोन-दोन बारीक रेघा. डिट्टो. वरीलप्रमाणे. सातव्या ओळीवर सुनंदाचं नाव होतं आणि तिच्यापुढेही त्याच दोन रेघा. अक्षर माझं होतं. स्टेटमेंट भरणं खरं तर ऑफिसचं काम. पण माझं अक्षर चांगलं, मला त्याची फार घमेंड, म्हणून दरवर्षी मीच मागून घ्यायचो. त्या रेघासुद्धा मी पट्टी धरून काढल्या होत्या. एका सरळ रेषेत, वरपासून खालपर्यंत. कशा सुंदर दिसत होत्या म्हणून सांगू.

भाऊसाहेब शेजारीच उभे होते. मी फाइल मिटून त्यांच्या हातात दिली.

प्राचार्यांकडे जावं लागलंच. भाऊसाहेब फाइल घेऊन मागे आले. प्राचार्य कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी स्टेटमेंट टेबलावर पसरलं, चष्मा वर केला आणि बराच वेळ बघत राहिले.

“कोणी भरलं हे?”

मी म्हणालो, “ऑफिसमध्ये झालंय सर.”

मी भाऊसाहेबांकडे बघितलं नाही. ते माझ्यापासून दोन हातांवर उभे होते.

“बरं,” प्राचार्य म्हणाले. “ज्याने भरलं त्याने चूक आपली आहे असं लिहून सही करायची आणि ते पत्र घेऊन उद्या स्वतः पुण्याला जायचं. मी वर शिफारस लिहितो. कोण जाईल?”

इतकं सोपं होतं. सकाळची एस.टी. धरायची, संध्याकाळी परत. पण पत्रात माझं नाव येणार, त्याची कॉपी माझ्या सर्व्हिस फाइलला लागणार, आणि व्हाईस प्रिन्सिपॉलची जागा त्याच वर्षी रिकामी होणार होती. मी म्हणालो, “आता उपयोग नाही सर. पेपर छापून झाले असतील. त्यापेक्षा मी आठ दिवस पोरीची इंग्रजीत तयारी करून घेतो. हुशार आहे, निभावेल.”

प्राचार्यांनी पुन्हा विचारलं, “नक्की ना?”

“नक्की सर.”

त्यांनी स्टेटमेंटची घडी घालून भाऊसाहेबांकडे दिली.

सुनंदाला मी सांगितलं, “पुण्याला घोळ झालाय. आता काही होत नाही. उद्यापासून रोज दोन तास ये.” ती लगेच म्हणाली, “माझंच चुकलं असेल सर. मीच नीट लिहिलं नसेल.” तेव्हा तरी मी तोंड उघडायला हवं होतं. मी म्हणालो, “जाऊ दे आता, अभ्यासाला लाग.” म्हणजे वर मोठेपणा घेतला तो घेतलाच.

आठ दिवस मात्र राबलो. तिने एक वही केली, पानावर मध्ये रेघ मारून डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी. संवेग, मोमेंटम. जडत्व, इनर्शिया. त्वरण, ॲक्सिलरेशन. पोरगी रोज दीड-दोनशे शब्द पाठ करून यायची. डोळे लाल. कॉलेज चालूच, जर्नलही चालूच. शेवटच्या दिवशी मला खरंच वाटायला लागलं की निभावलं आपलं.

पेपर सुटल्यावर मी सेंटरच्या फाटकाशी उभा होतो. गंगापूर रोडची पोरं उत्तरं पडताळत बाहेर आली. सुनंदा सगळ्यात शेवटी आली.

“कसा गेला?”

“फिजिक्स चांगलं गेलं सर. मोमेंटम आलं होतं.” मग तिने विचारलं, “सर, रिस्पेक्टिव्हली म्हणजे आदरपूर्वकच ना?”

मला आधी कळेना ही काय विचारते आहे.

“बुद्धिमत्तेच्या पेपरात लय वेळा आलं होतं. तीन मुलं, त्यांची वयं अमुक, तमुक, तमुक, रिस्पेक्टिव्हली. शाळेत अर्जाच्या शेवटी ‘युवर्स रिस्पेक्टफुली’ लिहायचो, तसलंच असेल म्हटलं. पण मुलांच्या वयाचा आदराशी काय संबंध, तेच कळेना. कोणतं वय कोणाचं तेच लागेना, मग तसले सगळे प्रश्न सोडून दिले.”

अनुक्रमे. रिस्पेक्टिव्हली म्हणजे अनुक्रमे. पहिल्याचं पहिलं, दुसऱ्याचं दुसरं. ज्याचं त्याला. मी तिला जडजड शब्द सगळे दिले होते, हा साधा शब्द माझ्या डोक्यातच आला नाही. तिथे फाटकाशी मी तिला अर्थ सांगितला. ती म्हणाली, “एवढंच होतं?” आणि हसली. तिचं ते हसणं मला अजून सहन होत नाही.

निकालात आमच्या कॉलेजची दोन नावं आली. सुनंदाचं नव्हतं.

जूनमध्ये तिचे वडील दाखला न्यायला आले. ऑफिसात भाऊसाहेबांच्या टेबलाशी बसले होते, मला बघून उठून उभे राहिले. पिशवीतून कागदात गुंडाळलेला शर्ट काढला.

“पोर सांगे, सरांनी आठ दिवस रोज शिकवलं. कोण करतं एवढं? तुमचा उपकार शे सर. गॅदरिंगला तुम्हाले पाहेल होतं, अंदाजानं शिवला. होईल बरोबर.”

मी नको म्हणालो. त्यांनी हातात कोंबला. मी घेतला.

भाऊसाहेब दाखला लिहीत होते. लिहिता लिहिता थांबले. दाखल्यावर एक रकाना असतो, ‘कॉलेज सोडण्याचे कारण’. त्यांनी पेन तसंच धरून माझ्याकडे बघितलं.

“कारण काय लिहू सर?”

सांगायला तीच वेळ होती. वडील समोर उभे, भाऊसाहेब समोर बसलेले. मी म्हणालो, “लिहा, पालकांच्या विनंतीवरून.”

त्यांनी लिहिलं. वडील दाखला कपाळाला लावून गेले.

ते गेल्यावर मी हळूच म्हटलं, “भाऊसाहेब, त्या दिवशी प्राचार्यांसमोर तुम्ही काहीच बोलला नाहीत.”

“बोलायचं काय सर?” त्यांनी पेनाला टोपण लावलं. “स्टेटमेंट त्यांच्या पुढ्यातच होतं. तुमचं अक्षर साऱ्या कॉलेजला ठाऊक आहे. त्यांनी म्हणून तर दोनदा विचारलं.”

पुढच्या वर्षी सेंटरवर दुसऱ्या कॉलेजचे एक शिक्षक भेटले. त्यांच्याकडेही मीडियमची अशीच चूक झाली होती, त्याच वर्षी. त्यांचा माणूस पत्र घेऊन पुण्याला गेला आणि अर्ध्या तासात दुरुस्ती करून आला.

व्हाईस प्रिन्सिपॉल मी झालो. शर्ट अगदी मापात बसला, पण एकदाच घालून बघितला. सुनंदाला मी कधीच काही कळवलं नाही. नामपूरचा पत्ता कॉलेजच्या रजिस्टरात होता, आणि ते रजिस्टर पुढची कित्येक वर्षं माझ्याच कपाटात होतं.

तेव्हापासून मी डिट्टो काढत नाही. साठ नावं असोत की सहाशे, प्रत्येकापुढे पूर्ण शब्द लिहितो. नव्या शिक्षकांनाही हेच सांगत आलो आणि सगळे म्हणायचे, सर फार काटेकोर आहेत. का, ते मात्र कोणाला सांगितलं नाही.