अष्टमीच्या आत

पहिल्या दिवशीचे बोंबील ओले होते. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर सुकून चामडं झालेलं. मनोरीच्या किनाऱ्यावर आमचा डायरेक्टर डोकं धरून बसला.

मी प्रॉडक्शन अकाउंटंट. ऑफिस अंधेरीत, काम शूटिंगच्या खर्चावर लगाम ठेवण्याचं. या वेब सिरीजमधला निरोपाचा सीन एका संध्याकाळचा होता, पण हवा तो उजेड रोज अर्धा तासच मिळायचा. म्हणून तो चार संध्याकाळी तुकड्यातुकड्यांनी शूट करायचा होता. आई-मुलामागे दोरीवर टांगलेले, चमकणारे बोंबील. कंटिन्युइटी, म्हणजे चारही दिवस सगळं हुबेहूब तसंच दिसणं. नटाच्या शर्टाची बटणंसुद्धा आम्ही मोजली होती. मासा वाळतो, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

आर्ट डिपार्टमेंटने भांडुपच्या कारखान्यात फोन लावला. रबराचे बोंबील मिळतील, पण आठ दिवसांनी. तोवर युनिट बसवून ठेवायचं? प्लॅटफॉर्म ठरलेलीच रक्कम देतो, वरचा खर्च प्रोड्युसरच्या खिशातून. अडीअडचणीसाठी ठेवलेला पैसा, ज्याला आम्ही कंटिन्जन्सी म्हणतो, हिरोईनच्या आजारपणात आधीच संपला होता. आणि प्रोड्युसर सावंत सरांचं पार्ल्याचं घर बँकेकडे तारण होतं. मी त्यांना फोनवर सगळं सांगितलं. ते फक्त "बरं" म्हणाले.

ज्यांचे बोंबील होते त्या हिरामावशी शेजारीच टोपली पालथी घालून बसल्या होत्या. आमचा गोंधळ त्यांनी निवांत ऐकला.

"मासली तुमच्या डेटवर थांबत नाय," त्या म्हणाल्या. "किती सांजा पायजेत?"

"तीन."

त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजलं. "आज पंचमी. सप्तमीपरत होईल. अष्टमीला भांग, तवा जालं रिकामं."

भांग म्हणजे भरतीचा जोर ओसरण्याचे दिवस. पाण्याला ओढ नसली की बोंबील जाळ्यात येत नाही, हे त्यांनीच मला समजावलं. मग त्यांनी भराभर प्लॅन सांगितला. होड्या दुपारी येतात. रोज ताजे बोंबील कॅमेऱ्यासमोरच्या दोऱ्यांवर, कालचे मागच्या दोऱ्यांवर. एकट्या त्यांच्या होडीचे पुरणार नाहीत, म्हणून आळीतल्या अकरा जणींची मासळी पाळीपाळीने. मी लॅपटॉप उघडून पासवर्ड टाकेपर्यंत कोणी कधी काय टांगायचं ते ठरलंसुद्धा होतं.

माशांचे किती द्यायचे, मी विचारलं.

"माशांचे कशाला? ते सुकल्यावर आमी इकूच. हलवायची मजुरी दे, सगलींना सारखी."

तो आकडा आमच्या एका दिवसाच्या नाश्त्यापेक्षा कमी होता. वीस वर्षं मी बजेटं करते, पण इतकं नेटकं बजेट मी पाहिलं नव्हतं.

सप्तमीला सीन संपला. डायरेक्टरला आणखी एक संध्याकाळ हवी होती. मी नाही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मजुरी चुकती करायला मी थांबले होते. दुपारी होड्या आल्या. टोपल्यांच्या तळाशी मूठमूठ कोलीम, म्हणजे बारीक जवळा, बोंबील जवळजवळ नाहीच. मावशींनी तिकडे नजरही टाकली नाही, त्या पैसे वाटत होत्या.

तेव्हापासून समुद्राकाठचं शूटिंग असलं की माझ्या एक्सेलमध्ये तारखेशेजारी तिथीचा कॉलम असतो. नवे डायरेक्टर त्याला हसतात. सावंत सर हसत नाहीत. ते अजून पार्ल्याच्या त्याच घरात राहतात.