रामकिसनचं प्यादं

अंबडच्या बाजारात रामकिसनचं बांगड्यांचं दुकान होतं, पण गावात नाव होतं ते प्याद्याचं. बुद्धिबळाचा डाव मांडला की हा पठ्ठ्या सुरुवातीलाच एक प्यादं समोरच्याच्या तोंडाशी नेऊन ठेवी. ज्यानं ते खाल्लं त्याचं वाटोळं झालंच म्हणून समजा. त्यामुळं अंबडात त्या प्याद्याला कुणी हात लावत नसे.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. जत्रेत सामने भरले आणि शेवटच्या डावाला रामकिसनसमोर कोण बसावं? केदारखेड्याचे कारभारी, त्याचे सख्खे व्याही! लग्नात पंगतीला कुणी बुंदीचा आग्रह केला नाही, म्हणून कारभारी तेव्हापासून रुसलेले. रामकिसनची लेक दुर्गा पहिलटकरीण, दिवस भरत आलेले, तरी तिला माहेरी धाडत नव्हते.

"जिंकून आलात तर चुलीत घालीन तो पट," सगुणाबाईनं नवऱ्याला बजावलं होतं.

रामकिसनला हे पाठ होतं. पण मेली सवय! हातानं प्यादं पुढं सरकवलंच. कारभाऱ्यांनी ते खाल्लं. थोड्याच चालींत रामकिसनला मात दिसली, अगदी हातातोंडाशी. त्याला घाम फुटला. जिंकलं तर लेक गेली, आणि मुद्दाम हरलं तर व्याही म्हणणार, मला भीक घालतो का?

त्यानं मात सोडली आणि उंट पुढं केला.

"घ्या ना, व्याही."

"बस झालं आता," कारभारी म्हणाले.

"असं कसं? माझ्या गळ्याची आन हाय, घ्याच!"

कारभाऱ्यांनी उंट घेतला. मग घोडा. मग हत्ती. आता त्यांनाही रामकिसनवर मात दिसत होती, पण वाढलेलं टाकून उठायची त्यांच्या घरात रीत नव्हती. वजीरसुद्धा आग्रहानंच गेला. शेवटचं प्यादं खाल्लं तेव्हा रामकिसनकडं नुसता राजा उरला.

"बुर्जी!" पंच अजमतमियाँ ओरडले. "राजा एकटा पडला. दोनों बराबर!"

कारभाऱ्यांनी खाल्लेल्या सोंगट्यांच्या ढिगाकडं पाहिलं आणि पोटावरून हात फिरवला.

"आज कुठं व्याह्याघरी आल्यासारखं वाटलं," ते म्हणाले. "उद्या बैलगाडी पाठवा, सूनबाईला धाडून देतो."

रामकिसनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. त्याला पुसायचंही भान राहिलं नाही.

"बिचारा," मागं कुणीतरी हळहळलं, "हातचा डाव घालवला की हो."