खिळ्यावरच्या गोळ्या

मला सचिव केलं ते माझ्या अकलेमुळं नाही. माझ्या घरात 'डोक्याचा' माणूस आहे म्हणून केलं. हैदराबादच्या मुख्य ऑफिसातून आमच्या पंथाच्या सगळ्या चर्चना पत्र आलं होतं, की प्रत्येक ठिकाणी मानसिक आरोग्य आणि दिव्यांग सेवा सुरू करा. आमच्या पाळकांना आम्ही सगळे अय्यगारू म्हणतो. त्यांनी रविवारी पत्र वाचलं, मंडळीवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर आणून ठेवली.

"टीचरअम्मा, या सेवेच्या सचिव तुमीच. तुमाले घरचा अनुभव हाय."

मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. तरी मी हो म्हटलं, कारण मला ती भिंत रिकामी करायची होती.

भिंतीचं सांगते. आदिलाबाद जिल्ह्यात, तलमडुगुच्या बाजूला आमचं गाव. चर्च पत्र्याचं, आणि व्यासपीठाच्या डाव्या हाताला एक चुन्याची भिंत, तिच्यावर ओळीनं खिळे. प्रार्थनेनं जो बरा झाला, त्यानं सगळ्यांसमोर साक्ष द्यायची आणि आपल्या दुखण्याची वस्तू खिळ्यावर टांगायची. चष्मे, कमरेचा पट्टा, दम्याचा पंप. एकदा टांगलं की उतरवायचं नाही. देवाला दिलेलं परत मागणारा खोटा साक्षीदार ठरतो. चष्मा टांगून घरी गेलेली एक म्हातारी तांदळातले खडे नातीकडून निवडून घ्यायची, पण कोणी विचारलं की डोळे झक्क आहेत म्हणायची. काय बोलावं आता!

मधोमध कुबडी होती. ती चक्कीवाल्याची. लहानपणी पोलिओ झालेला माणूस, पण गावभराचं पीठ दळायचा. एका उपास-प्रार्थनेच्या सभेत बाहेरून आलेल्या प्रचारकानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, ढोलक वाजायला लागलं, टाळ्यांचा कल्लोळ झाला आणि त्या जोशात तो चार पावलं चालला. खरंच चालला, मी पाहिलंय. पाचव्या पावलाला दोघांनी त्याला बगलेत धरलं, तोवर कुबडी खिळ्यावर गेली होती. दुसऱ्या दिवशी बायको मागायला आली, तर चर्चच्या पंचांनी तिला दारातूनच हाकललं. "देवाले देल्लं वापस मांगतं काय व?"

नवी आणावी तर साक्ष खोटी पडणार. त्यानं कुबडीही सोडली आणि चर्चही सोडलं. दोन वर्षं तो हातात चपला घालून अंगणात बुडावर सरकत होता, आणि आम्ही दर रविवारी त्याच्या कुबडीखाली बसून गाणी म्हणत होतो.

आता माझं. शेवटच्या खिळ्यावर औषधाची एक पन्नी, म्हणजे प्लॅस्टिकची पिशवी होती, ती माझ्या धाकट्या भावाची. त्याला कानात आवाज येतात. आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यातल्या गोळ्यांनी तो चांगला सावरला होता, शिलाई मशीनवर बसत होता. पण मला गोळ्यांचा कंटाळा आला होता. होय, मला! दर महिन्याची बस, ती रांग, आणि गावात कोणी विचारलं की 'शुगरच्या गोळ्या आहेत' म्हणायचं. चक्कीवाल्याच्या पाठोपाठच्या महिन्यात अय्यगारूंनी भावाच्या डोक्यावर हात ठेवला, विचारलं, "बरं वाटते का?" त्याला बरंच वाटत होतं, गोळ्या चालू होत्या ना. तो हो म्हणाला. मंडळी "हालेलुया" म्हणाली. आणि पन्नी माझ्या पर्समध्ये होती. ती अय्यगारूंनी नाही टांगली. मी उठले, मी टांगली. शिकलीसवरलेली बाई, पोरांना विज्ञान शिकवणारी. थू माझ्या शिकण्यावर.

तिसऱ्या आठवड्यात त्याची झोप गेली. चौथ्या आठवड्यात एका सकाळी तो घरात नव्हता. नऊ दिवसांनी सापडला तो पार बेज्जूरच्या जंगलाकडं, प्राणहिता नदीच्या अलीकडच्या एका पाड्यावर. पोरं पळवणारा समजून लोकांनी खांबाला बांधून ठेवला होता. मनगटाची कातडी निघाली होती. मला पाहून तो एवढंच म्हणाला, "अक्का, पानी दे."

गोळ्या पुन्हा सुरू केल्या. पुन्हा मशीनवर बसायला त्याला वर्ष लागलं. पन्नी मात्र भिंतीवरच. मी तीनदा मागितली. अय्यगारू म्हणाले, "ते साक्ष हाय, टीचरअम्मा. दवा नाही."

म्हणून मी सचिव झाले. पहिल्याच बैठकीत मी तीन गोष्टी मागितल्या. पायऱ्यांच्या बाजूनं चाकाची खुर्ची चढेल अशी उतरण. महिन्यातून एकदा दवाखान्यात न्यायला जीप. आणि भिंतीवरच्या वस्तू ज्याच्या त्याला परत. उतरणीचं पाहू म्हणाले. जिपेचं पाहू म्हणाले. भिंतीचं नाव काढलं तसे पाचही पंच चहाच्या कपात बघायला लागले. आठ दिवसांत काय तयार झालं? बॅनर! या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यावर एकीकडं मुख्य ऑफिसचे साहेब, दुसरीकडं अय्यगारू, आणि मधे चाकाच्या खुर्चीचं एवढंसं चित्र. वर्षानुवर्षं पत्रे गळतात ते यांना दिसत नाही, बॅनर मात्र वेळेवर छापून येतं!

आणि सेवेच्या उद्घाटनाच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भावाचं नाव. 'साक्ष व गोळ्यांचं समर्पण.' पुन्हा!

मी तडक अय्यगारूंच्या घरी गेले. "एकदा मरता मरता वाचला तो. आता काऊन त्याच्या मागं लागले?"

"अरे बापा, खऱ्या गोळ्या कोन मांगते?" ते हसून म्हणाले. "रिकामी पन्नी टांगा. गोळ्या घरी खा. साहेब येऊन राह्यले, त्याहीले काहीतरी दिसलं पायजे ना."

म्हणजे यांना सगळं माहीत होतं! गोळीनं माणूस उभा राहतो, हे त्यांना माझ्याइतकंच कळत होतं. मी तिथं जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. आपलेच दात, आपलेच ओठ, म्हणून इतकी वर्षं गप्प बसले होते, त्याचं व्याज वसूल केलं.

त्यांनी मला टाळून भावाला गाठलं. तो मशीनवरून मान वर न करता म्हणाला, "येतो."

मी त्याच्यावर ओरडले. मागच्या वेळी टांगून तीन आठवडे गोळीला शिवला नव्हतास, याद आहे का? रिकामी असली तरी एकदा 'बरा झालो' म्हटलं की गावात कोणासमोर गोळी खाशील? दवाखान्याच्या बसमध्ये कोणत्या तोंडानं बसशील? चक्कीवाल्याचं काय झालं ते पाहिलं नाहीस? तो बाही शिवत राहिला. त्या रविवारपर्यंत रोज सकाळी तो माझ्यासमोर गोळी गिळायचा आणि मी त्याच्या तोंडाकडं बघत बसायची.

रविवारी तीन गावांतून दिव्यांग माणसं आणली. उतरण नव्हतीच, म्हणून पोरांनी त्यांना कापसाच्या बोरीसारखं उचलून पायऱ्या चढवल्या. एका बाईचा पदर सुटला, ती लाजेनं रडायला लागली, आणि तिचा फोटो काढला. गावातल्या गावात असलेल्या चक्कीवाल्याला बोलावलं नव्हतं. कुबडी भिंतीवर आणि माणूस भुईवर, हे साहेबांना दिसलं तर बरं दिसलं नसतं ना!

साहेबांचं तेलुगू भाषण झालं. मग भावाला पुकारलं. तो पुढं गेला. हातात गोळ्यांची पन्नी होती आणि ती भरलेली होती, मला बाकावरून दिसत होती.

"माह्या कानात आवाज येतात," तो म्हणाला. "गोळी घेतली का कमी येतात. मी बरा नाही झालो. गोळी खाऊन राह्यलो म्हून उभा हाय."

प्रत्येक साक्षीनंतर आमच्यात सगळे "आमेन" म्हणतात. कोणी म्हटलं नाही. साहेब अय्यगारूंकडं वळले, काय म्हणाला म्हणून. अय्यगारूंनी भाषांतर केलं नाही.

भावानं पन्नी खिशात घातली आणि भिंतीकडं गेला. त्यानं कुबडी उतरवली. मग शेवटच्या खिळ्यापाशी थांबून माझ्याकडं पाहिलं.

"अक्का, हे तू टांगलं होतं. तूच उतरव."

दोन वर्षांत त्यानं याबद्दल शब्द काढला नव्हता. मी उठले. बाकापासून भिंतीपर्यंत पंधरा पावलं असतील. एक पंच "ओ, ओ" करत आडवा आला, त्याला मी काय नजर दिली देव जाणे, तो बसला. पन्नी काढली. आतल्या गोळ्या पिवळ्या पडल्या होत्या.

आम्ही दोघं तसेच बाहेर पडलो आणि चक्कीवाल्याच्या अंगणात गेलो. तो चुलीपाशी लाकडं ओढत होता, दोन्ही हातांत चपला. भावानं कुबडी पुढं केली. त्यानं ती घेतली नाही. आधी खालचं रबर अंगठ्यानं दाबून पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं.

"दोन साल. रोज पाहत होते ना तुमी?"

"हो," मी म्हणाले.

त्यानं उजव्या हातातली चप्पल काढली आणि मला फेकून मारली. खांद्याला लागली. डावीसुद्धा काढली, ती माझ्या पायाशी टाकली आणि कुबडी ओढून घेतली.

"न्या. टांगा तुमच्या भिंतीवर."

मी दोन्ही उचलल्या. त्याच दुपारी चर्च उघडं होतं, साहेब जेवत होते. कुबडीच्या रिकाम्या खिळ्यावर मी त्या चपला टांगल्या आणि अय्यगारूंना सांगितलं, ही साक्ष आहे, उतरवायची नाही. अजून तिथंच आहेत. मी दर रविवारी त्यांच्या खाली बसते.