गर्दीच्या माळावरचे काकडे सर

आमचे भानुदास काकडे सर यंदा पंच्याहत्तर वर्षांचे झाले. गौरवग्रंथाच्या संपादकांनी माझ्याकडं सरांविषयी ‘दोन शब्द’ मागितले. माझ्याकडून दोनच शब्द घेणं आजवर कुणाला जमलेलं नाही, माझ्या वर्गात बसलेल्या मुलींना विचारा. मी नसीम शेख. फुलंब्रीच्या शाळेत उर्दू शिकवून निवृत्त झाले. मराठी कुठं चुकलं तर संपादकांनी नीट करून घ्यावं, मजकुराला मात्र हात लावू नये.

सरांची पहिली ओळख आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये झाली. ते पिशोरकडच्या एका शाळेत इतिहास शिकवत. एका दुपारी धुळीनं भरलेल्या चपला दाराबाहेर काढून ते आत आले आणि माझ्यासमोर एक कागद पसरला. पिशोरजवळच्या माळावरल्या एका जुन्या कबरीच्या अक्षरांचा कोळशानं घेतलेला ठसा होता तो.

“बाई, एवढं वाचून देता का?”

“मी मुलांना उर्दू शिकवते. ही फारसी आहे. मी काही कबरस्तानाची मुन्शी नाही,” मी फटकारलं.

सर रागावले नाहीत. खुर्ची ओढून बसले. आता माणूस समोर बसूनच राहिला म्हटल्यावर काय करणार? मी चष्मा लावला. अक्षरं सगळी झिजलेली, एकच शब्द लागला, ‘मुसाफिर’.

“नाव न्हाय व्हय?” सरांनी विचारलं.

“नाव गेलं.”

“आन् मुसाफिर तेवढा राह्यला,” सर म्हणाले आणि कागदाची घडी करून गेले. पुढच्या रविवारी मी त्यांच्या माळावर होते. नंतर कितीतरी रविवार तिथंच गेले.

हा माळ पिशोरच्या अलीकडं आहे. जुन्या काळी तिथं मोठी लढाई झाली. लोक त्याला गर्दीचा माळ म्हणतात. ही गर्दी माणसांची नव्हे. फारसीत गर्द म्हणजे धूळ. जुन्या मराठीत फौज गर्दीस मिळाली असं म्हणत, म्हणजे धुळीला मिळाली. माळाच्या कडेला निजामी अमदानीतली नाक्याची चौकी आहे. पोलिस ॲक्शनमध्ये निजामाचं राज्य गेलं, तेव्हा ती ओस पडली आणि गावच्या शेळ्या तिथं बसू लागल्या. सरांनी शेळ्यांना हुसकलं, गावातल्या-शहरातल्या हौशी लोकांचं मंडळ उभं केलं आणि चौकीत संग्रहालय मांडलं. दर रविवारी मंडळाचं कुणी तरी ते उघडून बसायचं.

गर्दी या शब्दानं आमचा छळही भरपूर केला. आम्ही फाट्यावर लावायला पाटी रंगवायला दिली. मजकूर फोनवर सांगितला होता, ‘गर्दीचा माळ, रविवारी उघडे’. पेंटरला वाटलं, सरकारी सूचना असावी. त्यानं लाल अक्षरांत रंगवून आणलं, ‘रविवारी माळावर गर्दी करू नये’. मी त्या पेंटरला झाडणार होते, पण सर हसून हसून खाली बसले. “राहू द्या बाई. लोक कुठं ऐकत्यात पाटीचं?” म्हणाले. तेव्हा तो विनोद होता, कारण तेव्हा लोक येत होते.

सरांच्या कामाची पद्धत सांगते. संग्रहालयातली एकही वस्तू विकत घेतलेली नाही. नांगराला लागलेले तोफेचे गोळे, घोड्यांचे नाल, मोडक्या रिकिबी, सगळं आसपासच्या शेतकऱ्यांनी आणून दिलेलं. सरांनी एक रीत पाडली. खंडेनवमीला, शस्त्रं पुजायच्या दिवशी, ज्याची वस्तू त्याच्या हातात द्यायची. त्यानं ती पुसायची, हळद-कुंकू वाहायचं आणि संध्याकाळी परत मांडायची. शहरातून एक विद्वान पाहुणे आले होते, ते म्हणाले, “कुंकवानं लोखंड खराब होतं.” सर नम्रपणे म्हणाले, “व्हय, होतं जरासं. पर माणूस येतो ना.” शेतात निघालेला गोळा देणाऱ्या हसन पटेलांची म्हातारी आई हळद-कुंकू वाहत नसे. पदरानं गोळा पुसायची, त्यावर हात ठेवून काही पुटपुटायची आणि परत करायची. सर तेवढा वेळ चपला काढून उभे राहत. लढाईत कोण कुणाच्या बाजूचं होतं हे सरांनी आम्हाला शिकवलं, पण मेलेल्यांत बाजू कधी केली नाही.

आता माझं स्वतःचं. माझे मिस्टर गेले तेव्हा लोक चाळीस दिवस येत राहिले, मग यायचे बंद झाले. घर खायला उठायचं. मी माळावर जाणंही सोडलं होतं. एके दिवशी सर आले. सांत्वनाचा शब्द नाही, काही नाही. पिशवीतून तोच कोळशाचा ठसा काढला आणि म्हणाले, “बाई, एक शब्द लागंना.”

“सर! हा मुसाफिर आहे. मीच वाचून दिला होता.”

“आसं व्हय? इसरलो बघा.”

ते विसरले नव्हते. सरांच्या ध्यानातून मेलेल्या घोड्याचा नालसुद्धा जात नाही, शब्द कसा जाईल? मी त्यांच्यासमोर खूप रडले. ते चहाचा कप हातात धरून बसून राहिले. निघताना म्हणाले, “रविवारी या. मी येकटाच आसतो आताशा.”

ते खरं होतं. मंडळ विरत चाललं होतं. काही सभासद अल्लाला प्यारे झाले, काही पुण्याला मुलांकडं गेले, उरलेले मोबाइलवर हात जोडल्याचं चित्र पाठवू लागले. सरांच्या पत्नीही गेल्या. लेक नाशिकला बोलावते. सर जात नाहीत, रविवारी चौकी कोण उघडणार म्हणून. त्यातच चौकीचं छप्पर गळायला लागलं आणि वस्तूंना गंज चढला. पुरातत्त्व खात्याकडून विचारणा झाली, मंडळाला पाळीनं बसायला माणसं देता येतील का? नसतील तर वस्तू शहरातल्या संग्रहालयात हलवू.

सरांनी सभा बोलावली. चौकीसमोर सतरंज्या अंथरल्या. आले कोण? मी आणि आमचे खजिनदार बोर्डेमामा, तेही काठी टेकत. या ग्रंथासाठी लेख पाठवणाऱ्यांची नावं मी पाहिली. यादी चांगली भरगच्च आहे. त्या दिवशी यातले निम्मे आले असते तरी वस्तू माळावर राहिल्या असत्या. राग आला असेल तर येऊ द्या, मलाही आला होता.

सर ऊन उतरेपर्यंत फाट्याकडं बघत बसले. मग म्हणाले, “देऊन टाकू. गंजून जाण्यापरीस तिथं नीट राहतील.” आणि सतरंज्या झटकू लागले.

टेम्पो आला त्या दिवशी सरांनी प्रत्येक गोळा, प्रत्येक नाल स्वतः कापडात गुंडाळला. हमालांना एकेका वस्तूची हकीकत सांगत होते, कुणाच्या शेतात निघाली, कुठल्या फौजेची असावी. हमालांना घाई होती. सरांनी एकही हकीकत गाळली नाही. मी त्यांच्या हातात कापडं देत राहिले.

पुढच्या रविवारी मला वाटलं, सर घरी असतील, जेवणाचा डबा देऊन येऊ. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, “ते गेले की माळावर.” मी तशीच रिक्षा करून गेले. चौकीचं दार सताड उघडं. आत रिकाम्या फळ्या, पुसून स्वच्छ केलेल्या. दाराशी खुर्ची टाकून सर बसलेले.

“सर, आता काय उघडून बसलात? आत आहे काय?” मी ओरडलेच.

“काय न्हाय,” सर शांतपणे म्हणाले. “पर बाई, कुणी लांबून आलं तर? सगळं शहरात नेलंय हे सांगायला तरी माणूस पायजे ना.”

त्या दिवशी कुणी आलं नाही. आम्ही दोघं डबा खाऊन अंधार पडायच्या आधी निघालो. तेव्हापासून सर दर रविवारी तिथं असतात. गुडघे चालतील तेव्हा मीही असते.

अशा ग्रंथात शेवटी शतायुषी व्हा म्हणतात. मी नुसतं तेवढं म्हणणार नाही, एकट्यानं काढायला पंचवीस वर्षं लई होतात. सरांची नजर शाबूत राहो, पाय चालते राहोत, लेकीच्या हातचं गरम जेवण त्यांना अधूनमधून मिळो. आयुष्य अल्ला देईल, त्याच्याकडं मी मागितलंय. माळावरचा रविवार मी हे वाचणाऱ्या तुमच्याकडं मागते आहे.