चूलबंद आवतन

आमच्या चांदूर रेल्वेकडच्या गावात चूलबंद आवतन म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटवायचीच नाही, अख्ख्या घरानं आमच्याकडे जेवायचं. बाबांनी नवसाच्या रोडग्यांसाठी सगळ्या गावाला असंच आवतन दिलं होतं. शेतात रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, भाजायला गोवऱ्या रचून झाल्या, वांगी आली, आणि तेवढ्यात अमरावतीत कोरोना पुन्हा वाढला. मी अकोल्याच्या एका दवाखान्यात नर्स. फोनवर म्हटलं, "बाबा, पंगत करू नका."

"गावात तर एकही पेशंट नाई. कावून बंद करू?"

"म्हणूनच!" मी चिडलेच. आजार आल्यावर धावपळ करणाऱ्याचं कौतुक होतं, तो येऊच न देणाऱ्याला शिव्या बसतात, हे मला ठाऊक होतं.

बाबांनी रागानं फोन ठेवला. दुसऱ्या सकाळी मात्र तोंडाला दुपट्टा बांधून दारोदार फिरले. "चुली पेटवा रे बाप्पा!" दिलेलं आवतन परत घेणारा गावातला पहिला माणूस! दुपारी आईनं फोन अंगणात धरला. घराघरातून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. वॉर्डाबाहेर उभी राहून मी हसत सुटले.

पुढच्या वर्षी रोडगे झाले. धाकटे काका तिसरा रोडगा कुस्करत म्हणाले, "त्या साली फालतू बंद केलं. काईच तर झालं नाई."

बाबांनी त्यांच्या ताटात तुपाची धार धरली. "तू जेवून राहिला ना? तेच झालं."