घरची केळी वेगळी, गिऱ्हाइकाची वेगळी

मंडळी, सकाळपासून नुसती शिसारी येतेय, म्हणून लिहितेय.

आमच्या गावातल्या बुधवारा भागात माझ्या मावसभावाचं केळीचं दुकान आहे. हा गडी रोज पहाटे फॅमिली ग्रुपवर "शुद्ध खा, सात्त्विक जगा" असलं ज्ञान पाजळतो. आज एकादशी, म्हणून उपवासाची केळी घ्यायला त्याच्याकडे गेले. बाहेरच्या पिवळ्याधमक फणीला हात लावला, तर हळूच म्हणतो, "ताई, ती नको घेऊ. पावडर लावून पिकवलेली आहेत. आपली घरची आत ठेवलीयेत."

तेवढ्यात कडेवर लेकरू घेऊन एक बाई आली. "भाऊ, पोराला चालतील ना?"

"बिनधास्त द्या, भाभी! एकदम शुद्ध माल!" असं म्हणत त्याने तीच फणी तिच्या पिशवीत टाकली. वर हात जोडून "जय हरी"!

थू! हे ह्याचं सात्त्विक जगणं!

आणि मी? मी तिच्यासमोर गप्प उभी राहिले आणि आतली केळी घेऊन घरी आले.

आता ती माझ्या ताटात आहेत, चांगली आहेत. त्या लेकराच्या हातात कुठली आहेत, हेही मला माहीत आहे. तुम्हीच सांगा, माझा उपवास कसला?