पत्र्याच्या दुकानामागची चाची

चाचीनं घातलेल्या चुलीला धूर नसायचा. आमच्या गल्लीत कुणाची चूल मोडली की बाया आधी चाचीला हाक मारायच्या आणि मग माती चाळायला घ्यायच्या. सगळ्या तिचं कौतुक करायच्या. मी नाही. मला ती बघवत नव्हती, स्पष्टच सांगते.

त्या साली पंचगंगेचं पाणी गल्लीत शिरलं आणि आमच्या मातीच्या घराच्या दोन भिंती बसल्या. घर उभं राहीपर्यंत म्हणून माझ्या नवऱ्यानं चाचीच्या घरातली मागची खोली घेतली. पुढं चाचांचं पत्र्याचं दुकान. ते दिवसभर ट्रंका ठोकायचे, बादल्यांना बूड लावायचे. त्या ठणठणाटात आम्ही तिघं, मी, नवरा आणि सासूबाई. "दिवाळीपर्यंत काम उरकतंय बघा," गवंडी म्हणाला होता. कुठल्या सालची दिवाळी, ते आम्ही विचारायला हवं होतं.

सासूबाई वाईट नव्हत्या. पण माझ्या लग्नाला तिसरं वर्ष लागलं तरी त्या बाईनं मला कधी एका शब्दानं बरं म्हटलं नव्हतं. माहेरी माझ्या भाकरीचं नाव होतं. इथं भाकरी ताटात पडली की त्या खायच्या आणि ताट सरकवून उठायच्या. मी आपली रोज त्यांच्या तोंडाकडं बघत बसायची, आज तरी काही म्हणतील!

त्या खोलीत पहिली चूल मीच घातली. घाईत घातली आणि खोली धुरानं भरली. सासूबाईंच्या डोळ्यांतून धारा लागल्या. पडदा सारून चाची आत आली.

"अगं, भाकरी भाजतीस का सासूला रडवतीस? सरक, मी घालतो."

माझी ओली चूल तिनं माझ्यादेखत मोडली. मग पाटी घेऊन टांगा अड्ड्यावर गेली, घोड्याची लीद आणली, मातीत कालवली आणि ते सगळं भिजत ठेवलं. दुसऱ्या दिवशी बसली. तिच्याकडं चुलीचं माप काठीनं घ्यायचं नाही. जी बाई चुलीपुढं बसणार, तिच्या वितेनं घ्यायचं. "कुणाचा हात?" तिनं विचारलं. मी पदराला हात पुसतेय तोवर सासूबाईंनी आपला हात पुढं केलासुद्धा.

चूल झकास पेटली. सासूबाई म्हणाल्या, "बघ, चाचीच्या चुलीवर भाकरी कशी टम्म फुगतीया!" पीठ मी मळलं, भाकरी मी थापली, हात माझे भाजले, आणि नाव चाचीचं!

दुपारी जेवणं झाली की सासूबाई पडद्यापलीकडं चाचीकडं जायच्या. दोघी मिश्री लावत बसायच्या आणि बोलायच्या. आमच्याकडं तोंडाला कुलूप असलेली ही बाई तिकडं खो खो हसायची. मी भांडी घासता घासता कान टवकारायची, तर नेमका चाचांचा हातोडा सुरू व्हायचा. मी आत गेले की दोघी गप्प.

"काय बोलत होता?"

"म्हाताऱ्यांचं काय असतंय," चाची म्हणायची. "गुडघं दुखत्यात, म्हणून सांगायलोय."

गुडघ्यांवर कोण एवढं हसतं हो?

आणि ईदेचा शिरखुर्मा! पाहुण्यांच्या घरचं पाणीसुद्धा नको म्हणणाऱ्या सासूबाईंनी वाटी बोटानं पुसून खाल्ली. होळीला मी पुरणपोळ्या केल्या, तर म्हणाल्या, "वेलदोडा जास्त पडलाय." माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

शेवटी घर उभं राहिलं. नव्या घरातली चूल मीच घालणार, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. माती चाळून ठेवली होती, लीदसुद्धा पदर नाकाला लावून मीच आणली होती. आणि सासूबाई नवऱ्याला म्हणाल्या, "चाचीला बोलीव." मी भांडी आपटली. कुणी विचारलं नाही.

चाची आली, बसली. सासूबाईंनी हात पुढं केला. चाचीनं तो बाजूला सारला.

"तुझा न्हवं. तू काय आता चुलीम्होरं बसणार हाईस? घर हिचं हाय. आण गं पोरी तुझा हात."

चिखलाच्या हातांनी तिनं माझी वीत चुलीवर पसरून धरली. दुसरी कुणी असती तर विरघळली असती. मी मनात म्हटलं, वा गं वा! माझ्या घरात माझा मान मला ही बाई देणार!

पुढं चाचा गेले. चाचीचा मुलगा कबनूरला मागावर कामाला होता, तो तिला घेऊन गेला. सासूबाई एसटी स्टँडवर रडल्या. एवढ्या त्या आमच्या भिंती पडल्या तेव्हाही रडल्या नव्हत्या. जाताना चाचीनं माझी हनुवटी धरली. "सासूला जप. तोंडानं कडू हाय, पर पोटात काय न्हाई."

"माझी सासू मला म्हाईत हाय," मी म्हटलं.

"व्हय गं बाई, तुझीच की!" म्हणून ती हसली आणि गाडीत चढली.

काही वर्षांनी सासूबाई अंथरुणाला खिळल्या. डोळ्यांना धड दिसेना. एका दुपारी मी दुधात भाकरी कुस्करून नेली, तर त्यांनी माझं मनगट पकडलं. "चाची, आलीस व्हय?"

माझ्या जिभेवर आलंच होतं, की चाची कुठली, मी आहे मी! पण त्या हळूच म्हणाल्या, "सून कुठं हाय बघ आधी. ऐकंल." आणि मग म्हणाल्या, "ही भाकरी खाऊन बघ. रोज सांगतो का न्हाई तुला? असला हात आमच्या घराण्यात कुणाचा न्हवता. पोरगी सोनं हाय माझी. पर तिला सांगू नगंस, डोक्यावर बसंल."

"न्हाई सांगत," मी म्हटलं.

सासूबाई त्याच महिन्यात गेल्या. मागोमाग कबनूरहून चाचीचीही बातमी आली. लोकांना वाटतं, आता तरी माझ्या मनातली अढी गेली असेल. कशी जाईल? माझ्या वाटणीचं कौतुक त्या बाईनं रोज दुपारी बसून ऐकलं. माझ्या कानावर ते एकदाच आलं, तेही तिच्या नावानं.